गहू आणि आखूड दावे

१९६६ साली हिंदुस्थानातल्या पावसाकडे दोन ठिकाणांहून फार बारकाईने पाहिले जात होते. एक ठिकाण पुण्याच्या शिवाजीनगरमधले सिमला ऑफिस. हवामानखात्याचे ते कामच होते. दुसरे ठिकाण वॉशिंग्टनचे व्हाइट हाउस. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन भारतात पाऊस कुठे पडला, कुठे त्याने ओढ दिली, अमेरिकेच्या कोणत्या भागातला किती टन गहू बंदरावर आला, याचे तपशील स्वतः मागवून घेत. हे सगळे आपल्याला कसे पाठ झाले होते ते त्यांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात अभिमानाने लिहिले आहे. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना एवढ्या बलाढ्य देशाच्या प्रमुखाला बिहारच्या पावसाची खबर हवी होती, कारण पुढची बोट सोडायची की थांबवायची हे तो स्वतः ठरवत होता.

या गोष्टीची सुरुवात मात्र भारतात नाही. ती कॅन्सस आणि नेब्रास्काच्या शेतांत आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत शेतकरी बुडू नये म्हणून अमेरिकन सरकारने हमीभाव दिला. त्या भावाला बाजारात गिऱ्हाईक नसेल तर सरकार धान्य उचलत असे. पुढे ट्रॅक्टर आले, खते आली, महायुद्ध संपले, युरोपची शेती सावरली. पण अमेरिकन शेतकरी पिकवतच राहिला आणि सरकार घेतच राहिले. कोठारे भरली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीत महायुद्धातून निवृत्त झालेली मालवाहू जहाजे ओळीने नांगरून ठेवली होती. १९५३ पासून त्यांच्या पोटात सरकारी गहू भरायला सुरुवात झाली. धान्य ठेवायला जागा नाही, ते सांभाळायचा खर्च डोईजड, आणि जाळून टाकावे तर उपाशी जग बघते आहे, अशी ही अडचण होती.

१० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचे नाव लांबलचक होते, क्रमांक होता ४८०. ‘पब्लिक लॉ ४८०’. मराठीत त्याचे ‘पीएल ४८०’ झाले आणि एका पिढीच्या तोंडी ते गव्हाच्या एखाद्या वाणाचे नाव असावे तसे बसले. कायद्याची मूळ कल्पना सोपी होती. ज्या देशांकडे डॉलर नाहीत त्यांनी आमचे शिलकी धान्य आपल्याच चलनात विकत घ्यावे. आमची कोठारे रिकामी होतील, उद्याचे गिऱ्हाईक तयार होईल, आणि कम्युनिस्टांशी चाललेल्या झुंजीत मित्रही मिळतील. मित्र या शब्दाचा अर्थ काहींनी स्पष्ट करून सांगितला. सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री, पुढे जॉन्सन यांचे उपाध्यक्ष, १९५७ मध्ये म्हणाले होते की लोक अन्नासाठी आपल्यावर अवलंबून राहतील ही काहींना वाईट बातमी वाटते, आपल्याला ती चांगली वाटते. हम्फ्री दुष्ट माणूस नव्हते. भुकेल्यांना अन्न द्यावे असे त्यांना मनापासून वाटत होते. म्हणूनच ते बोलणे विसरता येत नाही.

भारताला या देण्याघेण्याची चव आधीच कळली होती. १९५० च्या अखेरीस नेहरूंच्या सरकारने अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितले. फेब्रुवारी १९५१ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी अमेरिकन काँग्रेसला तशी विनंती केली, पण तिथे ती महिनोन्‌महिने रेंगाळली. कोरियाच्या युद्धात नेहरू आपल्या बाजूने बोलत नाहीत, याचा राग तिथल्या खासदारांना होता. धान्याच्या बदल्यात भारताने मँगनीज द्यावे, केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू द्यावी, असल्या सूचना झाल्या. तोवर चीन आणि सोव्हिएत रशियाकडून धान्य यायला लागलेही होते. शेवटी जूनमध्ये मंजुरी मिळाली ती १९ कोटी डॉलरच्या कर्जाची. जे धान्य फेब्रुवारीत मिळाले असते तर आभार मानले गेले असते, तेच जूनमध्ये मिळाले तेव्हा मनात अढी बसली होती.

तरीही १९५६ च्या ऑगस्टमध्ये भारताने पीएल ४८० खाली पहिला करार केला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलादाचे कारखाने आणि धरणे उभी राहत होती, परकीय चलन आटत होते, शहरे फुगत होती. गहू रुपयांत मिळत असेल तर दिल्लीत कोण नाही म्हणणार?

सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी झाला. त्या तारखेकडे मराठी वाचकाने जरा थांबून पाहावे. तीन दिवस आधी, १ मेला, महाराष्ट्र राज्य जन्माला आले होते आणि मुंबईच्या रस्त्यांवरचा गुलाल अजून वाळायचा होता. मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून ज्यांनी सगळी ताकद लावली ते स. का. पाटील त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये आयझेनहॉवर यांच्या शेजारी बसून सही करत होते. ते तेव्हा केंद्रात अन्नमंत्री होते. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, किंमत जवळजवळ १२८ कोटी डॉलर. हिशेब केला तर दिवसाला साडेअकरा हजार टन, म्हणजे त्या काळची साधारण एक बोट रोज, सलग चार वर्षे.

या गव्हाने लोक जगले, हे आधी मान्य केले पाहिजे. मुंबई, कलकत्ता, मद्रास इथल्या रेशन दुकानांसमोरच्या रांगा त्याच्यावर चालल्या. गिरणगावातल्या खोल्यांत त्याच गव्हाच्या पोळ्या भाजल्या गेल्या. पण त्याने दिल्लीला सवयही लागली. शहरात भाव खाली ठेवायला बोटीवरचे धान्य हाताशी असल्यावर विहीर खणणाऱ्या, बियाणे घेणाऱ्या शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळावेत याची निकड सरकारला उरली नाही. स्वस्त परदेशी धान्याने इथल्या शेतमालाचा भाव किती दबला यावर अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ वाद घातला आहे. माझ्या मते भावाइतकेच मोठे नुकसान दुर्लक्षाचे झाले. शेतीचा प्रश्न उद्यावर टाकता येतो, हे या गव्हाने दिल्लीला शिकवले.

१९६४ च्या जूनमध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले आणि त्यांनी पोलाद खाते सांभाळणाऱ्या सी. सुब्रह्मण्यम यांना अन्न व शेती खात्यात आणले. सुब्रह्मण्यम यांनी आल्याआल्या सांगायला सुरुवात केली की शेतकऱ्याला किफायतशीर भाव द्या, खत आणा, नवे बियाणे आणा. मंत्रिमंडळात त्यांना विरोध होता. खतासाठी परकीय चलन कुठून आणायचे, हा अर्थखात्याचा प्रश्न होता आणि तो काही खोटा नव्हता.

इकडे जॉन्सन यांचा भारताबद्दलचा धीर सुटत चालला होता. एप्रिल १९६५ मध्ये त्यांनी शास्त्रींची ठरलेली अमेरिकाभेट अचानक पुढे ढकलली. पाकिस्तानच्या अयुब खान यांचीही ढकलली. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल शास्त्री जे बोलले ते जॉन्सन यांना खुपले होते. जूनअखेर धान्याच्या कराराची मुदत संपली. नवा दीर्घ मुदतीचा करार करायला त्यांनी नकार दिला. यापुढे महिन्या-दोन महिन्यांपुरते धान्य सोडायचे, तेही स्वतः बघून. त्यांच्या अधिकाऱ्यांत या धोरणाला जे नाव पडले ते गुरे बांधायच्या दोरावरून आलेले होते. टेक्सासमध्ये राँच असलेल्या माणसाच्या कारभाराला ते शोभणारेच होते, आणि आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: आखूड दावे.

सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध झाले. पंजाबच्या शेतांत अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे रुतून पडले आणि वॉशिंग्टनने दोन्ही देशांची लष्करी मदत तोडली. त्याच वर्षी पाऊस फसला. १९६४-६५ मध्ये ८ कोटी ९० लाख टन असलेले अन्नधान्य पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर आले. शास्त्रींनी देशाला सोमवारचे रात्रीचे जेवण सोडायला सांगितले आणि लोकांनी ते खरोखर सोडले. हॉटेलेदेखील त्या संध्याकाळी बंद राहू लागली. आजही कितीतरी घरांतली वडीलधारी माणसे त्या सोमवारांविषयी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी शनिवारवाड्यासमोर जाहीर केले की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, नुकतेच आले होते. नाईकांनी त्याच्यावर सारी भिस्त ठेवली. ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांत गेला तो तेव्हाच.

नोव्हेंबर १९६५. रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेची परिषद भरली होती. तिच्या आडोशाला सुब्रह्मण्यम आणि अमेरिकेचे शेतीमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन भेटले आणि २५ तारखेला त्यांनी एका गुप्त कागदावर सह्या केल्या. भारताने शेतीवरचा खर्च वाढवायचा, खताच्या कारखान्यांत परदेशी भांडवलाला वाट द्यायची, नव्या बियाण्यांखाली किती जमीन आणायची ते ठरवायचे, भाव बांधून द्यायचे. तसे झाले तर धान्य येत राहील. डिसेंबरात सुब्रह्मण्यम यांनी संसदेत हाच कार्यक्रम सरकारचे नवे शेतीधोरण म्हणून मांडला. रोमच्या कागदाचा उल्लेख केला नाही.

याला शरणागती म्हणायचे का? माझे मत तसे नाही. त्या कागदातली बहुतेक कलमे सुब्रह्मण्यम दीड वर्ष मंत्रिमंडळात घसा कोरडा करून मांडत होते. दिल्लीत जे पटवता येत नव्हते ते रोममधून अट म्हणून आले तेव्हा मान्य झाले. त्यांनी अमेरिकन दबावाचा आपल्या लढ्यासाठी उपयोग करून घेतला. पण स्वतंत्र देशाच्या मंत्र्याला शेतकऱ्यासाठी चांगली गोष्ट करायलाही परक्याच्या अटीचा आधार घ्यावा लागतो, ती संसदेपासून लपवावी लागते, यातला अपमान त्यामुळे कमी होत नाही.

शास्त्री जानेवारीत ताश्कंदला गेले आणि परत आले नाहीत. मार्च १९६६ मध्ये नव्या पंतप्रधान इंदिराबाई गांधी वॉशिंग्टनला गेल्या. जॉन्सन भलतेच खूश झाले. भारतीय राजदूत बी. के. नेहरू यांच्या घरच्या समारंभात ते थोडा वेळ डोकावणार होते, ते जेवायलाच थांबले आणि यजमानांना ऐनवेळी पाने बदलावी लागली. पाठोपाठ त्यांनी अमेरिकन काँग्रेसकडे आणखी ३५ लाख टन धान्याची मागणी केली. ६ जूनला भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. जागतिक बँक आणि अमेरिकेचा तो आग्रह होता. देशात इंदिराबाईंवर चहूकडून टीका झाली, स्वपक्षातूनही. जुलैत त्या मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त पत्रकात व्हिएतनाममधल्या साम्राज्यवादी आक्रमणाचा निषेध आला.

दावे पुन्हा आवळले गेले. दिल्लीतले अमेरिकन राजदूत चेस्टर बोल्स भारताचे खरे मित्र होते. भारत जे म्हणतो तेच संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट आणि पोप म्हणत आहेत, असे त्यांनी वॉशिंग्टनला समजावून पाहिले. उत्तर आले की ऊ थांट आणि पोप यांना आमचा गहू लागत नाही. बोल्स यांनीच हे नोंदवून ठेवले आहे.

१९६६ च्या उत्तरार्धातले ते महिने वाचताना आजही जीव गुदमरतो. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फसला होता. बिहारमध्ये विहिरी आटल्या होत्या आणि जयप्रकाश नारायण मदतकार्यासाठी गावोगाव फिरत होते. बंदरात बोट लागली की गहू गोण्यांत भरून थेट मालगाडीत चढवला जाई. कोठारात साठवण्याइतका तो नसेच. ‘बोटीतून तोंडात’ असे त्या व्यवस्थेचे वर्णन होई. अशा वेळी एक बोट चुकली तर काय होईल हे फ्रीमन, बोल्स, परराष्ट्रखाते सगळे जॉन्सन यांना सांगत होते. जॉन्सन हलत नव्हते. त्यांनी तज्ज्ञ पाठवले, मग काँग्रेसच्या सदस्यांचे पथक पाठवले. पथकाने परत येऊन सांगितले की धान्य खरोखर हवे आहे. मग डिसेंबरात ९ लाख टन सुटले. फेब्रुवारीत २० लाख टन. त्यातही इतर श्रीमंत देशांनी आपला वाटा उचलावा ही अट होती. ती अट गैर नव्हती, पण ती भुकेल्या माणसाच्या ताटाशी उभे राहून घालायची नव्हती.

जॉन्सन यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. १९६६ साली भारताने बाहेरून सुमारे १ कोटी टन धान्य आणले आणि त्यातले बहुतेक अमेरिकेचे होते. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळपास पाचवा हिस्सा इकडे आला. ते नसते तर बिहारमध्ये १९४३ च्या बंगालसारखे झाले असते, ही भीती अवास्तव नव्हती. त्यांनी धान्य दिले, आणि देताना प्रत्येक घासाची आठवण करून दिली. इंदिराबाईंचे माध्यम सल्लागार शारदा प्रसाद सांगत की जॉन्सन यांच्याशी फोनवर त्या गोड बोलत होत्या तेव्हा त्यांची मूठ आवळलेली होती, आणि फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या की पुन्हा कधी अन्नासाठी हात पसरायचा नाही.

फेब्रुवारी १९६७ च्या निवडणुकीत भाताचा आणि गव्हाचा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचला. मद्रास राज्यात द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदूळ देण्याचे वचन दिले; त्या लाटेत सुब्रह्मण्यम पडले. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडले. सर्वांत मोठा करार करणारा मंत्री आणि त्या करारांतून देशाला सोडवू पाहणारा मंत्री एकाच निवडणुकीत घरी गेले.

सुब्रह्मण्यम यांनी पेरलेले मात्र उगवले. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले होते. नॉर्मन बोरलॉग यांनी तिथे घडवलेले हे बुटके वाण खत पचवीत आणि लोळत नसत. त्यांचा दाणा तांबडा होता. लोकांना तो आवडेना, कारण पोळीचा रंग आणि चव दोन्ही बदलत. दिल्लीच्या पुसा संस्थेत एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्साराचा उपयोग करून सोनेरी दाण्याचा ‘शरबती सोनोरा’ तयार केला. १९६८ च्या उन्हाळ्यात सुमारे १ कोटी ६५ लाख टन गहू घरी आला. त्याआधीचा उच्चांक १ कोटी २० लाखांच्या आसपास होता. पंजाबात धान्य ठेवायला शाळांच्या इमारती घ्याव्या लागल्या. आदल्याच वर्षी अमेरिकेत पॅडॉक बंधूंचे पुस्तक निघाले होते. १९७५ पर्यंत जगात महादुष्काळ येईल आणि भारत वाचण्याच्या पलीकडे गेला आहे, असे त्यात मांडले होते.

आखूड दाव्यामुळेच हे झाले, असे जॉन्सन यांच्या समर्थकांनी पुढे लिहिले. मला ते पटत नाही. बियाण्याचे प्रयोग दावे आवळण्यापूर्वी सुरू झाले होते. मेक्सिकोतल्या संशोधनामागे रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा आणि चिकाटी होती. म्हणजे श्रेय अमेरिकेला द्यायचेच तर ते तिथल्या त्या माणसांना द्यावे जी शेतात उभी राहून शिकवत होती.

१९७१ अखेर भारताने सवलतीचे धान्य घेणे बंद केले. बांगलादेशच्या युद्धात निक्सन यांनी अमेरिकन आरमार बंगालच्या उपसागरात धाडले तेव्हा आपल्याला रेशनच्या बोटीची भीती नव्हती, हे विसरू नये. पण पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ पडला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेत जनावरांना घालतात ती तांबडी ज्वारी. या वेळी ती रोख डॉलर मोजून आणली होती, आणि सोव्हिएत रशियाने त्याच सुमारास अमेरिकन धान्याची प्रचंड खरेदी केल्याने भाव भडकले होते. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या भाकरीचा रंग अजून आठवतो.

त्याच लोकस्मृतीत आणखी एक गोष्ट पक्की बसली आहे: पीएल ४८० च्या गव्हातून गाजरगवत आले. याला तारखा पूर्ण साथ देत नाहीत. पुण्यात हे तण सापडल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ सालीच आहे, आणि पहिला पीएल ४८० करार झाला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. १९५१ च्या कर्जाऊ धान्यातून ते आले असेल का, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ असेही नाव दिले आणि बांधाबांधावर ते आजही उपटले जाते.

उरले होते ते पैसे. गव्हाच्या मोबदल्यात भारताने भरलेले रुपये अमेरिकेच्या नावावर साचत गेले होते. बराचसा भाग विकासासाठी भारतालाच कर्ज म्हणून दिला गेला, तरी त्याची मालकी आणि त्यावरचे व्याज अमेरिकेचेच होते. एका परक्या सरकारच्या हाती एवढे रुपये असणे दिल्लीला धोक्याचे वाटे, आणि वॉशिंग्टनलाही त्यांचे काय करावे ते कळेना. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी राजदूत डॅनियल मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश ठेवला. तोवर लिहिला गेलेला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली.

पण सगळेच रुपये असे परत आले नाहीत. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय उघडून याच निधीतून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घ्यायला सुरुवात केली. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, नाटके, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या, छोट्या गावांतल्या प्रकाशकांची पुस्तके, दिवाळी अंक. ती बोटीने उलट्या दिशेने गेली आणि शिकागोसारख्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोचली. त्यातली कित्येक इथे आता मिळत नाहीत. तिथल्या कपाटात ती आहेत, आणि जुन्या सूचीत त्यांच्या नोंदीखाली अजून छापलेले दिसते: पीएल ४८०.